दोनशे बारा नंबरचा कागद

१

सतरा नंबरच्या खोक्यात दोनशे अकरा नंबरचा कागद होता, दोनशे तेराही होता, आणि दोघांच्या मधे एक गुलाबी चिठ्ठी होती. ‘राष्ट्राध्यक्षांच्या आदेशावरून राखून ठेवला’, एवढंच तिच्यावर शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं. ऐंशी वर्षांच्या अर्डिथ सोर्लीबाईंनी ती चिठ्ठी दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली, आणि वाचन कक्षातल्या त्या शांततेत खणखणीत आवाजात म्हणाल्या, “चोरी झालीय. पोलिसांना बोलवा, नाहीतर मला खुर्चीसकट उचलून बाहेर ठेवा. मी काही हलायची नाही.”

पोलीस आले नाहीत, ओपल ट्रेडवे आली. ओपल या सरकारी अभिलेखागाराची तपासनीस. त्याआधी बावीस वर्षं तिनं टपालातल्या चोऱ्या पकडल्या होत्या. बाल्टिमोरची बाई, बांधा आडवा, आवाज दणदणीत, आणि आपण चुकू शकतो ही शंका तिला सहसा शिवत नसे. पण वाचन कक्षाच्या दारात पहारेकऱ्यानं तिलाच अडवलं.

“मॅडम, पेन. आत फक्त पेन्सिल.”

“अरे बाबा, मी इथलीच आहे!”

“तुम्ही इथल्याच. पेन बाहेरचं,” तो म्हणाला आणि त्यानं तिचं पेन ट्रेमध्ये ठेवलं. ओपलनं तिथली एक पेन्सिल उचलली.

ती अर्डिथबाईंच्या समोर जाऊन बसली. “बोला बाई, काय चोरीला गेलंय?”

“माझा बाप,” अर्डिथबाई म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि असं सांगितलं की मधे प्रश्न विचारायची सोय नव्हती. त्यांचे वडील ओटिस सोर्ली हे टॉलर्स पॉइंट बंदरातल्या ‘लॉरा बेल’ बोटीचे तांडेल. एकसष्ट सालच्या मार्चमध्ये सरकारनं ती बोट भाड्यानं घेतली, कसल्याशा गुप्त चाचणीसाठी पाच अधिकारी खाडीत न्यायचे म्हणून. वादळ सुटलं, बोट बुडाली, सहाही माणसं गेली. चौकशीत ठरलं की तांडेल प्यायलेला होता आणि अधिकारी नको म्हणत असताना त्यानं हट्टानं बोट काढली. बंदरावर मग दगड बसवला. त्यावर नावं पाच. सहाव्याची जागा मोकळी.

“नगरपालिका म्हणते, सरकारी कागद आण, उद्या नाव कोरतो,” अर्डिथबाई म्हणाल्या. “तेवीस वर्षांपूर्वी मी इथे अर्ज केला, तर उत्तर आलं, कागद तपासला, तुमच्या उपयोगाचं त्यात काही नाही. ते उत्तर अजून पर्समध्ये आहे. पण कायद्यानं या प्रकरणाचा एकूण एक कागद आज उघडायचाच होता. पंचवीस वर्षं मी या तारखेवर डोळा ठेवून बसलेय, पोरी.”

ओपलनं सूचीत बघितलं. ‘२१२: किनाऱ्यावरच्या ठाण्यानं लिहून घेतलेले लॉरा बेलचे बिनतारी संदेश, एक पान, दोन्ही बाजू.’

“राष्ट्राध्यक्षांना कागद राखून ठेवता येतो, बाई. कायद्यातच आहे. स्वतःच्या सहीनं, नंबर घालून, कारण देऊन, पाच वर्षांसाठी.”

“माहितीय मला! कायदा तोंडपाठ आहे.” अर्डिथबाईंनी एक पत्र पुढे सरकवलं. तीन आठवड्यांपूर्वीचं, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचं. ‘दोनशे बारा नंबरचा कागद राखून ठेवण्याची कोणतीही विनंती आलेली नाही.’ “आता सांग. तीन आठवड्यांत कुणाला एवढी घाई झाली? पाच वर्षांनी मी पंच्याऐंशीची होणार. आमच्या घराण्यात ब्याऐंशीच्या पुढे कुणी गेलेलं नाही.”

ओपलनं घड्याळ बघितलं. अकरा वाजून दहा मिनिटं. राखून ठेवलेल्या कागदांची यादी संध्याकाळी पाचला राजपत्राच्या छपाईला जाणार होती. एकदा छापली की तिच्यातला एक आकडा बदलायलासुद्धा राष्ट्राध्यक्षांची नवी सही लागते, आणि स्वतःचा आदेश फिरवणारा राष्ट्राध्यक्ष कुणी अजून पाहिला नव्हता.

“तुम्ही बसा इथेच,” ती म्हणाली. “खोक्यातलं बाकीचं वाचत राहा. पाचच्या आत मी परत येते.”

२

लेलँड फेरिस हा या कागदांच्या विभागाचा प्रमुख. उंच, सडपातळ, दिवसातून वीसदा हात धुणारा. छत्तीस वर्षं नोकरी झाली होती, निवृत्तीला पंधरा दिवस होते आणि निरोपाच्या केकची वर्गणीही गोळा झाली होती. अख्ख्या इमारतीत त्याचा दबदबा एका गोष्टीसाठी होता: फेरिस चुकत नाही.

“चोरी?” तो दुखावल्यासारखा म्हणाला. “ट्रेडवेबाई, माझ्या हाताखाली एक कपटा इकडचा तिकडे झालेला नाही. गुरुवारी आदेश आला, शुक्रवारी मी त्याप्रमाणे एकेचाळीस कागद काढले आणि तळघराच्या तिजोरीत ठेवले. दोनशे बाराही तिथेच आहे.”

“बघू दे मला.”

“नाही बघता येणार. आदेश आहे तोवर तुम्हाला नाही, मलाही नाही.”

“बरं. आदेश तरी दाखवा, की त्यालाही आदेश लागतो?”

त्यानं पुठ्ठ्याच्या पाकिटातून आदेश काढला. वर राष्ट्राध्यक्षांचं सहीचं पत्र, खाली यादीची चार पानं, सगळं प्लास्टिकच्या चिमट्यात. या इमारतीत लोखंडाला बंदी. बाहेरून आलेल्या कागदाची पिन पहिल्याच दिवशी काढायची, कारण लोखंड गंजतं आणि कागद खातं. पत्राच्या कोपऱ्यात पिनेची दोन बारीक भोकं तेवढी उरली होती. मजकूर सरळ होता: ‘सोबतच्या चार पानांवरील एकेचाळीस कागद वगळता सर्व कागद खुले करावेत.’ तिसऱ्या पानाच्या मध्यावर दोनशे बारा होता. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘हयात व्यक्तीच्या अब्रूला बाध येईल.’

ओपलनं कारणांचा रकाना वरून खाली वाचला. बाकी चाळिसांपुढे ‘राष्ट्रीय सुरक्षा’, ‘परराष्ट्र संबंध’, ‘गुप्त पद्धती’. अब्रूची काळजी एकाच ठिकाणी केली होती.

“साठ वर्षांवरची गोष्ट,” ती म्हणाली. “बोटीवरचे सगळे बुडाले. हुकूम देणारे म्हातारे होऊन गेले. ही हयात व्यक्ती कोण, लेलँड?”

“कारणं देणं माझं काम नाही. ती राष्ट्राध्यक्ष देतात,” लेलँड म्हणाला आणि हात धुवायला उठला.

“हे पाकीट इथेच टेबलावर राहू द्या,” ओपल म्हणाली. “आणि दाराला कुलूप लावून किल्ली माझ्याकडे द्या.”

ओपल जिना उतरताना दोनच गोष्टींचा विचार करत होती. कागद चोरीला गेला नव्हता, तो कायदेशीर तिजोरीत कायदेशीर पद्धतीनं बसला होता. म्हणजे एक तर तीन आठवड्यांत राष्ट्राध्यक्षांचं मन बदललं, नाहीतर कुणीतरी त्यांच्या नावानं आपलं मन त्या यादीत घुसवलं होतं.

३

राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातला वकील ग्रेसन पुर्व्हिस दीड वाजता गाडीनं आला. वय एकतीस, बूट आरशासारखे, उजव्या अंगठ्यावर चिकटपट्टी. वार्ताहर आले तर उत्तरं द्यायला त्याला पाठवलं होतं. वार्ताहर कुणी आले नाहीत, समोर ओपल आली.

“मॅडम, प्रश्नच उद्भवत नाही,” तो म्हणाला. “सही खरी आहे. यादीत नंबर आहे. राष्ट्राध्यक्षांना हवा तो कागद राखून ठेवता येतो, आणि का ठेवला हे त्यांना तपासनिसानं विचारायचं नसतं.”

“मी कुठे नाही म्हणतेय? ठेवू देत ना खुशाल! माझं म्हणणं एवढंच, की तो त्यांनी स्वतः ठेवायला हवा. यादी कुणी केली?”

“मी. स्वतः टाइप केली. छापून झालं की यंत्रातला मजकूर पुसायचा असा नियम आहे. सही झालेली एकच प्रत, ती इथे आहे.”

“मग दोनशे बारा तुम्हीच टाइप केला असणार.”

पुर्व्हिसनं खांदे उडवले. “एकेचाळीस आकडे कोण लक्षात ठेवतो? पत्रात एकेचाळीस म्हटलंय, यादीत एकेचाळीस आहेत. मी मोजून दिले होते.”

“आणि कारण? ‘हयात व्यक्तीच्या अब्रूला बाध’, हे तुमचं वाक्य?”

“असेल,” तो म्हणाला, पण आता त्याचा आवाज उतरला होता. “बहुधा असेल.”

“साहेबांना फोन लावून विचारा.”

“ते विमानात आहेत, रात्री आठला उतरतील. एका बोटीसाठी विमानात फोन करणारा मी नव्हे, मॅडम. मला नोकरी टिकवायचीय.”

“टिकवा, टिकवा. अंगठ्याला काय झालं?”

“हे होय? गुरुवारी आदेश हवाली करताना स्टेपलरची पिन टोचली. फेरिस साहेबांनी माझ्याआधी कागदाकडे धाव घेतली, रक्त पडेल म्हणून! लगेच पिन काढली, लहान मुलाच्या पायातला काटा काढावा तशी अलगद.” पुर्व्हिस हसला आणि मग त्याला काहीतरी आठवलं. “पण खोडसाळपणाच शोधताय तर डॉकरींना विचारा. गुप्तचर खात्याचे मर्ल डॉकरी. त्यांच्या अकरा मागण्या होत्या, अकराच्या अकरा साहेबांनी मान्य केल्या, तरी गृहस्थाचं समाधान नव्हतं. शुक्रवारी ते तासभर फेरिसच्या खोलीत होते.”

“एकटे?”

“फेरिस किल्ल्या आणायला गेले तेवढा वेळ. दहा मिनिटं तरी.”

४

मर्ल डॉकरी उपाहारगृहात खेकड्याचं सँडविच खात होता. ओपलला तो वीस वर्षं ओळखत होता आणि तेवढीच वर्षं टाळत होता.

“आलीस? म्हटलंच, जेवण गोड कसं लागतंय,” तो म्हणाला.

“मर्ल, शुक्रवारी दहा मिनिटं त्या यादीशेजारी बसून काय केलंस?”

“घोरलो. विचार फेरिसला, त्यानं मला हलवून उठवलं.” त्यानं तोंड पुसलं. “लॉरा बेल ना? अगं, तो कागद आमच्या खात्यानं मागितलासुद्धा नाही. त्यात लाज असेल तर नौदलाची. मी कशाला झाकू?”

“सवयीनं. तू स्वतःचा वाढदिवससुद्धा झाकून ठेवतोस.”

“मला माझे अकरा कागद मिळाले, ओपल. मी तृप्त माणूस आहे.”

“मग ये माझ्याबरोबर आणि त्या बाईला तोंडावर सांग की तुझा संबंध नाही. खोटं बोललास तर मला कळेल, तिला तर आधीच कळेल.”

कुरकुरत का होईना, मर्ल आला. साडेतीन वाजले होते. वाचन कक्षात अर्डिथबाई तिथल्या तिथेच होत्या, फक्त आता त्यांच्या चेहऱ्यावर करमणूक दिसत होती.

“ये पोरी, ऐक,” त्या म्हणाल्या. “सरकार काय काय जपून ठेवतं बघ! चाळीस पौंड हॅम. लोणच्याची सहा पिंपं. कॉफी, दोन पोती. मोहरीची चटणी...”

मर्लच्या तोंडचं पाणी पळालं. “हा कागद बाहेर कसा?”

“खोक्यात होता,” अर्डिथबाई म्हणाल्या. “दोनशे एकोणीस.”

“तो राखून ठेवलाय! माझा आहे तो! अकरांतला सगळ्यात महत्त्वाचा!”

“हॅम?” ओपल म्हणाली.

“हॅमवरून माणसं मोजता येतात! माणसं किती यावरून तळ केवढा होता ते कळतं, तळ केवढा यावरून...”

“तो तळ आता कुठे आहे?”

“बहात्तर साली बंद झाला,” मर्ल ओशाळून म्हणाला. “गोल्फचं मैदान झालंय तिथे. पण तत्त्व म्हणून काही असतं की नाही?”

अर्डिथबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पहारेकरीही हसला. ओपलही हसायला लागली आणि मधेच गप्प झाली, कारण तिच्या डोक्यात एकेचाळीसचा आकडा उभा राहिला होता. पत्रात एकेचाळीस, यादीत एकेचाळीस. मर्लचे अकराच्या अकरा मान्य झालेले, आणि तरी त्यातला एक इथे उघड्यावर.

“अर्डिथबाई,” ती म्हणाली, “ते जुनं उत्तर पर्समध्ये आहे म्हणालात. तेवीस वर्षांपूर्वीचं. बघू जरा.”

पत्र चारच ओळींचं होतं. ओपलनं शेवटची ओळ वाचली, पत्राची घडी घातली आणि घड्याळाकडे बघितलं. “मर्ल, पुर्व्हिसला शोध. दोघं फेरिसच्या खोलीपाशी या, आत्ता. बाई, आता ती खुर्ची सोडलीत तरी चालेल.”

५

चार वाजून पाच मिनिटांनी ओपलनं कुलूप काढलं. लेलँडच्या खोलीत त्याच्यासकट पाच जण दाटीवाटीनं उभे राहिले. ओपलनं टेबलावर आदेशाची पानं पसरली. वर पत्र, खाली ओळीनं चार पानं.

“पुर्व्हिस साहेब, ही पिन कुणी मारली होती?”

“मीच. सही झाल्याबरोबर, पाचही कागदांना मिळून.”

“मग आता प्रत्येकाचा डावा कोपरा बघा.”

पुर्व्हिस वाकला. पत्राला दोन भोकं. पहिल्या पानाला दोन. दुसऱ्याला दोन. चौथ्याला दोन. तिसऱ्या पानाचा कोपरा कोरा होता.

“अरे देवा,” तो म्हणाला.

“तिसरं पान तुमच्या पिनेतून गेलंच नाही,” ओपल म्हणाली. “म्हणजे ते तुमच्या कार्यालयात बदललेलं नाही. तिथे बदललं असतं तर बाकीच्यांबरोबर त्यालाही भोकं पडली असती. ते इथे बदललं, पिन निघाल्यावर. तुम्ही सुटलात, पुर्व्हिस साहेब. बसा.”

पुर्व्हिस मटकन बसला. मर्लनं घसा साफ केला. “मग उरलो मी, असंच ना?”

“तू उरला होतास, साडेतीनपर्यंत. पत्रात एकेचाळीस लिहिलंय, त्यामुळे यादीत एक घुसवायचा तर एक काढावा लागणार. ज्यानं दोनशे बारा घातला त्यानं दोनशे एकोणीस काढला. मर्ल, तू मेलास तरी तुझं हॅम सोडणार नाहीस. जगात कुणी दोनशे एकोणीस काढला नसेल तर तो तू.”

“हे मी प्रशंसा म्हणून घेतो,” मर्ल म्हणाला.

“काढणारा असा माणूस होता, की ज्यानं तो कागद वाचला होता आणि त्यात राखण्यासारखं काही नाही हे ज्याला कळत होतं. त्याला देशाचं नुकसान करायचं नव्हतं. सगळ्यात निरुपद्रवी कागद त्यानं निवडला, काळजीपूर्वक. आणि नवं पान छापल्यावर त्याला कोपऱ्यात पिनेची भोकं पाडायची आठवण झाली नाही, कारण छत्तीस वर्षांत त्यानं कुठल्या कागदाला पिन टोचलेली नाही. दुसरा कुणी लबाड असता तर त्यानं आधी तेच केलं असतं. या माणसाचा हातच तिकडे वळला नाही.”

लेलँड फेरिस आपल्या स्वच्छ हातांकडे बघत होता.

“आणि कारण,” ओपल जरा हळू आवाजात म्हणाली. “‘राष्ट्रीय सुरक्षा’ असं ठोकून दिलं असतं तर मला एवढं खटकलं नसतं. पण सरकारी रकान्यात खोटं लिहायला तुमचं मन झालं नाही, लेलँड. हयात व्यक्तीच्या अब्रूला बाध येईल. खरंच येणार होता. ती व्यक्ती तुम्ही.”

तिनं अर्डिथबाईंचं पत्र त्याच्यापुढे ठेवलं. ‘दोनशे बारा नंबरचा कागद मी स्वतः पूर्ण वाचला आहे. त्यात आपल्या वडिलांच्या बाजूचे काहीही नाही.’ खाली सही होती, लेलँड फेरिस.

“मी मागची बाजू उलटली नव्हती,” लेलँड म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येईना. “त्या आठवड्यात नव्वद अर्ज होते. पुढची बाजू हवामानाची होती, कंटाळवाणी. आणि लिहून मोकळा झालो, पूर्ण वाचला म्हणून. गेल्या महिन्यात कागद उघडायची तयारी करताना उलटून बघितलं. बाई, मी... पाचच वर्षं हवी होती. तोवर मी कुठेतरी लांब राहायला गेलो असतो. लोक म्हणाले असते, फेरिसनंतर कुणीतरी गोंधळ घातला.”

“आणि मी?” अर्डिथबाईंनी विचारलं. “मी कुठे गेले असते?”

लेलँडनं मान खाली घातली.

पुर्व्हिस उठून उभा राहिला. संतापानं त्याचे कान लाल झाले होते. “राष्ट्राध्यक्षांच्या सहीखाली स्वतःचं पान! तुम्हाला कळतं का तुम्ही कुणाचा अधिकार वापरलात?”

“वा, आता आपण एका बाजूला आलो,” ओपल म्हणाली. “सकाळपासून मी साहेबांचाच अधिकार राखतेय.”

“पण त्याचा आता काय उपयोग? खरं तिसरं पान कुठाय? ते नसेल तर काय राखायचं होतं हे सिद्ध कसं करणार? पाचला हीच यादी छपाईला जाईल!”

चार वाजून एकवीस मिनिटं झाली होती. मर्लनं कचऱ्याच्या टोपलीत डोकावून पाहिलं. ओपल मात्र जागची हलली नाही.

“लेलँड,” ती म्हणाली, “ते तुम्ही फाडलेलं नाही. जाळलेलंही नाही. तुमच्याच्यानं ते होणार नाही. कुठे ठेवलंय?”

मग लेलँड भिंतीजवळच्या कपाटाकडे गेला, ‘आदेश व पत्रव्यवहार’ असं लिहिलेलं खोकं त्यानं खाली घेतलं आणि अगदी बरोबर तारखेच्या जागेवरून एक पाकीट काढलं. आत एक पान होतं, कोपऱ्यात दोन बारीक भोकं असलेलं. त्यावर दोनशे एकोणीस होता, दोनशे बारा नव्हता. आणि पाकिटावर शिसपेन्सिलीनं, त्याच्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं: ‘मूळ तिसरे पान. शुक्रवारी काढून घेतले. एल. एफ.’

“वार घातलास? सही केलीस?” मर्ल थक्क होऊन म्हणाला. “अरे माणसा, आमच्याकडे तू एक दिवस टिकला नसतास.”

६

तळघरातून कागद वर यायला पंधरा मिनिटं लागली. तेवढ्यात पुर्व्हिसनं छपाईला फोन करून यादी थांबवली आणि खरं पान स्वतः हातात धरून वाचून दाखवलं. मर्लनं आपला हॅमचा कागद छातीशी धरून तिजोरीकडे नेला.

“वाचलंत ते विसरा, बाई,” तो जाता जाता म्हणाला.

“चाळीस पौंड, सहा पिंपं,” अर्डिथबाई म्हणाल्या. “मी काही विसरत नाही.”

दोनशे बारा नंबरचा कागद वाचन कक्षातल्या टेबलावर आला. अर्डिथबाईंनी पुढची बाजू वाचली नाही. सरळ उलटला. अक्षर ठाण्यावरच्या कारकुनाचं होतं, घाईचं, पण स्पष्ट. त्यांनी ओपलला ऐकू जाईल एवढ्या आवाजात वाचलं.

“सकाळी सहा चाळीस. लॉरा बेल: वारा ताशी पंचेचाळीस मैल, वाढतोय. निघणं बरोबर नाही. सहा अठ्ठेचाळीस. ठाणं: वरून हुकूम आहे, निघा. सहा बावन्न. लॉरा बेल: माझी हरकत लिहून घ्या. मी, ओटिस सोर्ली, शुद्धीत आहे आणि नाही म्हणतोय. सहा सत्तावन्न. ठाणं: हरकत लिहिली. निघा.” त्या थांबल्या. शेवटची ओळ त्यांनी आधी मनात वाचली. “सात पाच. लॉरा बेल: निघतोय. मुलीला निरोप द्या, शाळेतून येताना बंदरावर थांबू नकोस.”

ओपलनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

“मी थांबले होते,” अर्डिथबाई म्हणाल्या. “अंधार पडेपर्यंत. मला कुणी निरोप दिलाच नाही.” आणि मग त्या रडल्या, अगदी मोकळेपणानं, इतक्या वर्षांचं सगळं एकदम. पहारेकरी तोंड फिरवून उभा राहिला. ओपलचेही डोळे भरून आले होते आणि तिनं ते लपवले नाहीत.

थोड्या वेळानं अर्डिथबाईंनी नाक पुसलं, चष्मा नीट केला आणि दाराकडे बघितलं. लेलँड फेरिस तिथे उभा होता. त्याची नोकरी गेली होती, निवृत्तिवेतनाचं काय होईल ते वरचे ठरवणार होते, केकची वर्गणी परत करायची असं कुणीतरी ठरवूनही टाकलं होतं. आत यायचा त्याला धीर होत नव्हता.

“इकडे या,” अर्डिथबाई म्हणाल्या.

तो आला. त्यांनी तेवीस वर्षांपूर्वीचं ते पत्र टेबलावर उलगडलं आणि खालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. “इथे लिहा. खरं काय ते. कागदाची नक्कल मला मिळेलच, पण नगरपालिकेला मी दोन्ही दाखवणार आहे.”

लेलँडनं सवयीनं टेबलावरची पेन्सिल उचलली.

“पेन्सिल नको,” अर्डिथबाई म्हणाल्या. “खोडता येते.”

वाचन कक्षात शाई कधी आलेली नव्हती, निदान लेलँडच्या छत्तीस वर्षांत तरी नाही. त्यानं ओपलकडे पाहिलं. ओपल उठली, दाराशी गेली आणि ट्रेमधलं आपलं पेन उचललं. पहारेकऱ्यानं तिच्याकडे बघितलं, अर्डिथबाईंकडे बघितलं आणि मग छताचा दिवा नीट लागलाय ना ते बघू लागला.

लेलँडनं आधी दोनशे बारा नंबरचा कागद दोन्ही हातांनी अलगद उचलून हातभर लांब ठेवला, शाईचा थेंबही त्यावर उडू नये म्हणून. मग लिहिलं. त्याचं अक्षर आज सुरेख नव्हतं. ‘मी हा कागद पूर्ण वाचला नव्हता. ओटिस सोर्ली यांनी नाही म्हटले होते. चूक माझी आहे. लेलँड फेरिस.’

अर्डिथबाईंनी ते वाचलं. “तारीख घाला,” त्या म्हणाल्या.

त्यानं तारीख घातली. अर्डिथबाईंनी शाई वाळेपर्यंत पत्रावर फुंकर घातली, घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि या वेळीही, कुणी न उचलता, खुर्चीवरून उठल्या.

“पोरी,” त्या ओपलला म्हणाल्या, “टॉलर्स पॉइंटची शेवटची बस किती वाजता असते?”

“बस कसली घेऊन बसलात? मी सोडते,” ओपल म्हणाली. “मला तो दगड बघायचाय, अजून जागा मोकळी आहे तोवर.”